रजिस्टरातला वूझी

“मुँह खोल.”

मी ड्रायरपाशी फरशीवर बसलेलो. सेफ्टी ऑफिसर वाकला आणि माझ्या तोंडाचा वास घेतला. सगळ्या डिपार्टमेंटसमोर. बाजारात पापलेटाचे कल्ले उघडून बघतात, तसं. दारू सापडली नाही. सकाळचा सुका बोंबील सापडला.

“साहेब, एक्झॉस्ट पंखा बंद आहे. ड्रायर उघडला, वाफ लागली, चक्कर आली.”

त्यानं रजिस्टरात एकच इंग्रजी शब्द लिहिला आणि मोठ्यानं वाचला. “वूझी. और कुछ नहीं. गुड़ खिलाओ.”

तारापूरच्या आमच्या केमिकल कंपनीत रीतच आहे. गॅस लागला की गुळाचा खडा, मग न वाचता सही. मला रजिस्टरातल्या ओळी दोन-दोन दिसत होत्या, म्हणून सही उद्यावर गेली. शिफ्ट सुटेपर्यंत माझं नाव वूझी पडलं. मीही हसलो. ठेकेदाराचा माणूस मी. होडी केव्हाच विकलेली. जाणार कुठे?

घरी, मुरब्याला, हीच गंमत रंगवून सांगितली. बायको म्हणाली, “होडीवर कदी गरगरला नाय, आन सपाट फरशीवर आडवा?”

मुलगी हसली नाही. ती नर्सिंग शिकते.

“बाबा, वूझी म्हनजे गरगरल्यासारखं. हा गप्पांतला शब्द हाय. गोळीची गुंगी आली, बोट लागली, दोन पेग चढले, की बोलतात असं. मी पन मैत्रिणीला बोलते. पेशंटच्या कागदावर लिवला तर मॅडम ओरडतील. तिथं नीट लिवावं लागतं. काय झालं, कशानं झालं.”

“मग यानं का लिवला?”

“कशानं ते लिवायला नको म्हनून.”

त्या पंख्याखाली माझ्याआधी चौघं पडले होते. चौघांनी गूळ खाल्ला, चौघांनी सही केली. साक्षीला मीच होतो. इंग्रजी कळल्यासारखी मान हलवून.

सकाळी ऑफिसरनं रजिस्टरावर बोट ठेवलं. “इधर.”

मी त्या शब्दावर आडवी रेघ मारली. खाली मराठीत लिहिलं: एक्झॉस्ट पंखा बंद होता. ड्रायरची वाफ लागून चक्कर आली. पडलो. अक्षर वाकडं आलं, ते माझं नेहमीचंच. मग सही केली.

“गेटपास जमा कर.”

केला. म्हणजे काम सुटलं.

आता त्या चौघांच्या खोल्यांवर जाणार आहे, बोईसरला. एकेकाला विचारणार, तू पडलास तेव्हा पंखा चालू होता का? सांगतील ते लिहून घेणार. पूर्ण वाक्यात.