पट्टी वाढवून मागणाऱ्या सुभद्रामावशी

नेकनूरला आमच्या शेजारी राहणाऱ्या सुभद्रामावशी पाहुण्याला पाणी देण्याआधी घर दाखवायच्या. मुठीनं भिंत ठोकून म्हणायच्या, "सिमेंट हाय. हात लावून बघा." वसतिगृहात आयुष्यभर भाकरी थापून त्यांनी एकेक खोली वाढवत स्लॅबचं घर उभं केलं होतं.

मग गावात घरपट्टीची फेरआकारणी निघाली. घर जितकं पक्कं तितकी पट्टी जास्त, हे कळताच गावातली घरं भराभर गरीब झाली. माझे वडील शाळेत गुरुजी. पण त्यांनीही पुढच्या खोलीतल्या नव्या फरशीवर ताडपत्री अंथरून वर कडबा रचला. "ही खोली जनावरांची, असं सांगायचं," त्यांनी आम्हाला पढवलं. आमच्याकडे जनावर म्हणजे एक मांजर होतं.

मोजणीवाले आले, आमचा चहा प्याले आणि 'मातीचं घर' लिहून निघाले. आमच्या भिंतीपलीकडून बौद्ध वस्ती सुरू व्हायची. तिथली सगळी घरं त्यांनी रस्त्यावर उभं राहूनच पत्र्याची ठरवली. मावशींचंही.

हरकतींच्या सुनावणीला पंचायतीत ही गर्दी! जो तो 'पट्टी कमी करा' म्हणून ओरडत होता. मावशी पुढे झाल्या. "माजी वाढवा."

ग्रामसेवकाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "कमी करायची ना, मावशी?"

"वाढवा म्हन्ते. माजं घर पत्र्याचं कावून लिवलं? आत येऊन बघितलं का कुनी?"

"अहो, त्यात तुमचाच फायदा आहे!"

"माज्या सासूनं पावसात डोक्यावर परात धरून लेकरं निजवली. आता मी स्लॅब टाकला, तर तुमी कागदावर पुन्ना पत्रा टाकता व्हय?"

ग्रामसेवकानं नोंदवही मिटली.

ग्रामसेवक स्वतः टेप घेऊन आले. मावशींनी त्यांना न्हाणीघरसुद्धा मोजायला लावलं. दोन्ही घरांमधली भिंत मोजायला ते आमच्या पुढच्या खोलीत शिरले, तशा मावशी कळवळून ओरडल्या, "साहेब, जपून! ताडपत्रीखाली लई गुळगुळीत फरशी हाय, घसराल!"

त्या दिवशी आमचंही घर पक्कं झालं. वडिलांनी बोलणं टाकलं. मावशींना त्याचं नवल वाटायचं. "गुर्जी, मी तर साहेबाचं हाड वाचवलं," त्या अंगणाच्या भिंतीवरून म्हणायच्या. वडिलांना शेवटी हसू आवरलं नाही.

वाढलेली पट्टी भरून मावशी पंचायतीत जाऊन बसल्या. "पक्क्या घराची पट्टी घेतली न्हवं? मग वस्तीला पक्की नाली द्या." रोज जायच्या. त्या दिसल्या की ग्रामसेवक मागच्या दारानं निघायचे; मग मावशी मागच्या दाराशी बसू लागल्या. नाली झाली. वस्तीतून उताराला लागलेली ती नाली आमच्याही दारापुढून गेली.

गेल्या वर्षी मावशी गेल्या. वडिलांचं आता वय झालंय, तरी खांदा द्यायला ते पुढे झाले. परत आल्यावर ओट्यावर टेकले.

"लई महागात पडली ही बाई मला," ते म्हणाले आणि उपरण्यानं डोळे पुसू लागले.