आमेन म्हणायची घाई

आमेनकाकांचा धंदा पत्र्याचा. डबे, नरसाळी, पाण्याची पिंपं, गळक्या बादल्यांना डाक. सकाळी दुकान उघडलं की दिवेलागणीपर्यंत हातोडी आणि पत्रा यांचं भांडण चालायचं आणि मधोमध काका बसलेले असायचे. इतकी वर्षं असं भांडण शेजारी घेऊन बसल्यावर कुणाचेही कान जे करतील तेच त्यांच्या कानांनी केलं. ते हळूहळू कामातून गेले. ही गोष्ट काकूंना ठाऊक होती, गिऱ्हाइकांना ठाऊक होती, मागून हॉर्न वाजवून दमलेल्या प्रत्येक रिक्षावाल्याला ठाऊक होती. काकांना मात्र ती मुळीच मान्य नव्हती. त्यांचं म्हणणं असं, की हल्ली लोकच पुटपुटतात.

आमेनकाका हे नाव त्यांना चर्चच्या मंडळीने दिलेलं. दर बुधवारी संध्याकाळी चर्चमागच्या खोलीत प्रार्थनासभा भरायची. ज्याला देवाकडे जे मागायचं असेल ते त्याने मोठ्याने मागायचं, बाकीच्यांनी डोळे मिटून ऐकायचं आणि शेवटी 'आमेन' म्हणायचं. आमेन म्हणजे तसंच होवो. मी ऐकलं, मला पटलं, माझीही त्यावर सही. काकांची सही सगळ्यांत ठसठशीत असायची. त्यांच्या आमेनने खिडकीच्या काचा थरथरायच्या आणि मागच्या बाकावर डुलक्या काढणारे दचकून जागे होऊन आपलंही आमेन घाईघाईने उरकायचे.

कान गेल्यावर काकांनी एक युक्ती काढली. पापण्या किंचित उघड्या ठेवायच्या आणि प्रार्थना करणाऱ्याच्या खांद्यांकडे बघायचं. खांदे खाली आले की प्रार्थना संपली. पण माणसं मध्येच श्वासही घेतात, त्याला काका तरी काय करणार? त्यांचं आमेन पुष्कळदा वाक्याच्या मध्येच येऊन पडायचं. एकदा तर शाळेतून निवृत्त झालेले मास्तर प्रार्थना करत असताना आमेन असं काही आदळलं, की मास्तरांनी डोळे उघडले आणि भर सभेत म्हणाले, "काका, देवाला पूर्ण वाक्य ऐकायची सवय आहे. आधी ऐका तरी!"

सगळे हसले. काकांना नेमकं तेवढंच ऐकू आलं. त्या दिवसापासून त्यांनी मास्तरांशी बोलणं टाकलं. प्रार्थना मात्र टाकली नाही. रोज सकाळी ते मास्तरांसाठी मनापासून प्रार्थना करत, की प्रभू, या माणसाला थोडी नम्रता दे.

पुढे मास्तरांना अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. म्हणजे सगळीच गेली नाही, एक शब्द उरला, 'नाही'. समजायचं सगळं, पण तोंडातून निघायचं ते एवढंच. 'हो' म्हणायचं असेल तर मास्तर गप्प बसत. जन्मभर पोरांना व्याकरण शिकवलेल्या माणसाच्या वाट्याला हे यावं, याचं मला अजूनही वाईट वाटतं.

मंडळी हळहळली. आमच्या मंडळीत हळहळ व्यक्त करायचं एक ठरलेलं वाक्य आहे, 'प्रार्थनेत आठवण ठेवतो.' पाळकसाहेबांपासून ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंपर्यंत प्रत्येकाने मास्तरांच्या बहिणीला ते ऐकवलं. मास्तरांची आठवण इतक्या जणांनी ठेवली, की त्यांच्या घरी जाऊन यायला कुणाला सवडच उरली नाही.

बहीण तयार कपड्यांच्या कारखान्यात काजं-बटणं करायची. भाऊ अविवाहित, ती विधवा, दोघांचं घर तिच्या कामावर चाललेलं. रजा संपत आली होती आणि मुकादमाने बजावलं होतं, की सोमवारी सकाळी मशीनवर नसलीस तर पुन्हा येऊच नकोस. दिवसभर शेजारीण लक्ष ठेवायला तयार होती, पण अडायचं ते सकाळच्या खाण्यापाशी. मास्तर बहिणीशिवाय कुणाच्याही हातचं खात नसत. शेजारणीने प्रयत्न केला, पाळकीणबाईंनी केला. मास्तरांनी दात आवळले ते आवळलेच.

म्हणून त्या बुधवारी ती प्रार्थनासभेत उठून उभी राहिली. आधी तिने नेहमीसारखं सुरू केलं आणि मग तिचा धीर सुटला. "प्रभू, आठवण ठेवणारे खूप आहेत रे," ती म्हणाली. "मला येणारं माणूस हवंय. रोज सकाळी येऊन माझ्या भावाला भरवील असं. इथे बसलेल्यांपैकीच कुणीतरी. कोण ते मला आत्ता, या घडीला दाखव."

एवढं बोलून ती रडायला लागली आणि तिचे खांदे खाली आले.

"आमेन!" काका गरजले.

मग एकेकाने डोळे उघडले आणि सगळ्यांच्या नजरा काकांवर जाऊन थांबल्या. प्रत्येकाचा जीव भांड्यात पडला होता. आता आपलीच पाळी येते की काय म्हणून जे बाकाखाली चपला चाचपडत होते त्यांनी तर 'प्रभूची स्तुती असो' असा गजर केला. पाळकसाहेबांनी काकांचा हात दोन्ही हातांत धरला. काकांनीही नम्रपणे मान डोलावली. काहीतरी चांगलं झालंय, एवढं त्यांना चेहऱ्यांवरून कळलं होतं.

काय झालंय ते काकूंनी त्यांना घरी जाताना सांगितलं. म्हणजे त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, त्यामुळे रस्त्यालाही कळलं.

"तुम्ही मास्तरांना भरवायला जाणार आहात!"

"कोण म्हणालं?"

"तुम्हीच! भर सभेत आमेन म्हणालात!"

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. सुटकेचा रस्ता एकच होता. पाळकसाहेबांकडे परत जायचं आणि सांगायचं, की मला बाईचं बोलणं ऐकू आलं नाही. काका कोपऱ्यापर्यंत गेले, तिथे जरा घुटमळले आणि मागे फिरले. ऐकू आलं नाही हे कबूल करण्यापेक्षा मास्तरांना भरवलेलं बरं, असा त्यांनी हिशेब केला. प्रभूची सेवा माणसं कशाकशामुळे करतात, ते प्रभूलाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते हजर झाले. मास्तर खिडकीपाशी उशांना टेकवून बसवलेले. बहिणीने मऊ भाताची वाटी काकांच्या हातात दिली. काकांनी डोळे मिटले आणि अन्नावर आशीर्वाद मागायला सुरुवात केली. अन्नावरून ते शेतकऱ्यांवर आले, शेतकऱ्यांवरून राज्यकर्त्यांवर, तिथून जगातल्या सगळ्या आजाऱ्यांवर, आणि शेवटी 'तुझा हा गर्विष्ठ सेवक' म्हणून मास्तरांवर. स्वतःचा आवाजही ऐकू येत नसल्यामुळे हे सगळं चाललं होतं सभेच्या पट्टीत.

"नाही!" मास्तर ओरडले. "नाही! नाही!"

काकांच्या कानांपर्यंत काहीतरी धूसर पोचलं आणि ते उजळले. "ऐकलंत?" ते बहिणीला म्हणाले. "मास्तर आमेन म्हणाले!"

"काका, तो नाही म्हणतोय."

"हो ना, मीही तेच सांगतोय!"

भात मात्र पोटात गेला नाही. मास्तरांनी दात आवळले, भात गार झाला आणि शेवटी बहिणीनेच तो गरम करून भरवला. शुक्रवारी तेच झालं, शनिवारीही तेच. रविवारी पाळकसाहेबांनी उपदेशात सांगितलं, की वाचा गेलेला आपला बंधू आता आमेन म्हणू लागला आहे. लोकांचे डोळे पाणावले. आपण ठेवलेली आठवण फळाला आली, असं एकमेकांना सांगत सगळे घरी जेवायला गेले. मागच्या बाकावर मास्तरांची बहीण तेवढी कोरड्या डोळ्यांनी बसून राहिली. उद्या सोमवार होता.

सोमवारी ती पायात चपला घालून, खांद्याला पिशवी लावून दारात उभी होती. भाऊ खाईल तर ती जिना उतरणार होती. नाही खाल्लं तर पिशवी पुन्हा खुंटीला लागणार होती, कायमची. काकांनाही हे ठाऊक होतं, म्हणून त्यांनी प्रार्थना आणखी लांबवली. पण त्या दिवशी वाटी फारच गरम होती. राज्यकर्त्यांपर्यंत पोचेपोचेतो तळहात भाजला आणि काकांचे डोळे उघडले.

समोर मास्तर ओरडत होते. काकांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. कान गेल्यापासून काका माणसांच्या ओठांवरच जगत होते, फक्त तसं कधी कबूल करत नव्हते. आमेन म्हणायचं तर ओठ मिटावे लागतात. मास्तरांचे ओठ मिटतच नव्हते.

काकांनी वाटी खाली ठेवली. त्यांचा चेहरा असा झाला, की बहिणीलाच त्यांची दया आली.

"मास्तर," ते म्हणाले, आणि बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही नाही म्हणताय. इतके दिवस नाहीच म्हणत होतात."

मास्तर गप्प बसले.

"मला ऐकू येत नाही. अजिबात येत नाही. त्या बुधवारी ताईंनी काय मागितलं तेही ऐकू आलं नव्हतं. आपला आमेन म्हणून मोकळा झालो." काकांनी फडक्याला हात पुसले. मग मास्तरांच्या तोंडावरची नजर न हलवता विचारलं, "भात अळणी लागतो?"

"नाही."

"फार गरम असतो?"

"नाही."

"मग माझी प्रार्थना लांबते?"

मास्तरांचे ओठ हलले नाहीत.

"लांबते, आणि वर मी ओरडतो?"

ओठ हलले नाहीत. डाव्या गालाला मात्र जराशी खळी पडल्यासारखं झालं. काका ओशाळले. मास्तर त्यांना पूर्वी जे सांगत होते, ते त्यांना आज ऐकू आलं होतं आणि तेही मास्तरांची वाचा गेल्यावर. दारातली बहीण घड्याळाकडे बघत होती. काकांना वाटलं, आता इथे बसून तरी काय उपयोग? त्यांनी उठण्यासाठी गुडघ्यावर हात ठेवला.

"जाऊ का मी, मास्तर?"

मास्तरांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग ओठ उघडले, सावकाश, वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या पोरालाही कळावं इतक्या सावकाश.

"नाही."

आणि तोंड तसंच उघडं राहिलं. काकांनी घाईघाईने चमचा भरला. पहिला घास आत गेला, मग दुसरा. जिन्यावर चपलांचा आवाज झाला, तो काकांना ऐकू येणं शक्यच नव्हतं. त्यांनी वळून पाहिलं तेव्हा दार रिकामं होतं, आणि खुंटीही. चमचा वाटीत ठेवून त्यांनी हात जोडले, डोळे मिटले आणि भरल्या आवाजात म्हणाले, "आमेन!"

"नाही," मास्तर म्हणाले, आणि डाव्या हाताने काकांची बाही ओढली. वाटीत अजून अर्धा भात होता.