आजोळचं आडनाव

वेस्ट विंडसरला आमच्या शेजारी एक आयरिश आडनावाचं कुटुंब राहायचं. आडनाव इथे लिहीत नाही, पण न्यू जर्सीत ते इतकं सर्रास होतं, की टेलिफोन डिरेक्टरीत त्याची पानंच्या पानं भरलेली असत. त्यांची नात आणि माझी मुलगी पाचवीत एकाच वर्गात होत्या. नव्वदचं दशक संपत आलं होतं. शाळेने मुलांना एक प्रोजेक्ट दिलं होतं: आपल्याच आडनावाची, वेगवेगळ्या क्षेत्रांत नाव काढलेली माणसं शोधायची, त्यांचे फोटो पोस्टरवर चिकटवायचे आणि पालकांसमोर त्यांच्याविषयी बोलायचं.

शेजारच्या मुलीचं पोस्टर तिच्या आजोबांनी गॅरेजमध्ये टेबल मांडून करायला घेतलं. हे आजोबा अग्निशमन दलातून निवृत्त झालेले. एका संध्याकाळी स्टेशनवरून घरी येताना मी तिथे डोकावलो. बेसबॉलचा खेळाडू, सिनेमातली नटी, अंतराळवीर, गव्हर्नर, शाळा काढणारी एक नन आणि अगदी कोपऱ्यात बँका लुटणारा एक दरोडेखोर, अशी सगळी मंडळी एका आडनावाखाली गोळा झाली होती.

मी कुठलाही मराठी माणूस विचारेल तेच विचारलं. यातले तुमचे सख्खे कोण? चुलत कोण? मूळ गाव एकच का? म्हाताऱ्याला माझा प्रश्नच कळेना. पुन्हा फोड करून सांगितल्यावर तो हसायला लागला.

"कुणीच नाही. मी यातल्या एकालाही ओळखत नाही."

"मग लावले कशाला? आणि हा चोर?"

"नाव त्याचंही आहेच की," असं म्हणून त्याने डिंकाची बाटली माझ्या हातात दिली आणि नटीचा फोटो सरळ केला.

मी घरी आलो तो अस्वस्थ होऊनच. बूटही न काढता स्वयंपाकघर ते दिवाणखाना अशा येरझाऱ्या घालू लागलो. बायको कणीक मळत होती. ती म्हणाली, "काय झालंय ते सांग, नाहीतर एका जागी बस. कार्पेट झिजवू नकोस."

झालं होतं ते असं. आमचं आडनाव म्हणजे एका गावाचं नाव आणि पुढे 'कर'. ते माझ्या वडिलांनी लावलेलं. गावात आम्हाला कुणी आडनावाने हाक मारलीच नव्हती. जातीचं नाव गावाला पुरायचं. वडील शिकायला नागपूरला आले, शाळेत आडनाव विचारलं, तेव्हा त्यांनी गावाचंच सांगितलं. ज्या गावाने त्यांना विहिरीला हात लावू दिला नाही, त्या गावाचं. मी तरुणपणी त्यांच्यावर चिडायचो, दुसरं काही सुचलं नाही का म्हणून. ते म्हणायचे, "गाव माझंही होतं ना रे."

आणि ते गाव म्हणजे काकांचं आजोळ.

काका नात्याचे नव्हेत; पुण्याचे, निवृत्त डॉक्टर. आम्ही इथे नवे असताना मराठी मंडळाच्या कार्यक्रमात त्यांनी माझं आडनाव ऐकलं आणि जेवणाची थाळी हातात तशीच धरून मला मिठी मारली. "अरे, माझ्या आजोळचा माणूस तू!" मी पुढे काही बोलायच्या आत त्यांनी मला त्या गावातल्या कुठल्या घराण्यात बसवायचं तेही ठरवून टाकलं होतं. मी कधी खोटं बोललो नाही. त्यांनी विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण विचारलं कुठे? आपल्याकडे ज्यांचा अंदाज आपल्या बाजूने पडतो ते पुढे विचारत नाहीत. मला त्याचा संताप यायचा आणि त्याच वेळी काकांवर जीवही होता. माझे वडील मुलीच्या जन्माआधीच गेले होते. काका-काकू दर शनिवारी आमच्याकडे जेवायला यायचे, मुलीला ताप आला तर काकू रात्रभर उशाशी बसायच्या, आणि काका तिचे आजोबाच होते. तेच गमावायची मला भीती होती.

दिवाणखान्यात आमच्याकडे बुद्धाची मूर्ती होती, पण इथे ती गोऱ्यांच्या बाथरूममध्येसुद्धा असते. काका म्हणायचे, "छान आहे हो, कुठून आणली?"

तर मुलीने पोस्टरसाठी परस्पर काकांनाच फोन लावला. काका उत्साहाने पुस्तकांच्या झेरॉक्स घेऊन हजर. एक गवई, एक न्यायाधीश, एक क्रिकेटपटू, एक इतिहासकार. सगळ्यांचं आडनाव आमचंच. "ही सगळी तुझी माणसं बरं का," काका तिला म्हणाले, आणि ती जमिनीवर लोळत एकेकाला कापून चिकटवू लागली. मी चहा करायच्या निमित्ताने आत गेलो आणि उगाच नळ सोडून उभा राहिलो.

पुढचा आठवडा मी कामात धड लक्ष दिलं नाही. ट्रेनमध्ये वाचायला घेतलेला पेपर तसाच घडी घालून घरी आणायचो. शेवटी बायकोच म्हणाली, "तू नाही सांगितलंस तर मी सांगते. परक्यांचे पूर्वज घेऊन माझी पोरगी उभी राहणार नाही."

रविवारी दुपारी मी मुलीला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. जात, विहीर, शाळा, आजोबा. सांगताना माझा आवाज चढला, मग बसला. मग तिने विचारलं, "सो, दे आर नॉट अवर फॅमिली?"

"नाही."

"शेजारच्या आजोबांचे पण नाहीत. तरी त्यांनी लावलेत," ती म्हणाली. मग वर जाऊन माझ्या वडिलांचा फोटो घेऊन आली. कोट त्यांनी फोटोपुरता उसना आणला होता.

शाळेच्या हॉलमध्ये काका-काकू पहिल्या रांगेत बसले होते. काकूंनी ठेवणीतली साडी नेसली होती. शेजारच्या मुलीने दरोडेखोरावर सगळ्यांना हसवलं. मग आमची उभी राहिली. पोस्टरवर चौघे चार कोपऱ्यांत सरकवलेले आणि मधोमध माझे वडील. ती इंग्रजीत बोलली, पाठ न करता. "हे माझे आजोबा. आमचं नाव त्यांनी स्वतः निवडलं. ते त्यांच्या गावाचं नाव आहे. गावातले लोक त्यांना खालच्या जातीचे समजायचे, म्हणून विहिरीतून पाणी घेऊ द्यायचे नाहीत. कोपऱ्यातले लोकही फेमस आहेत, पण त्यांना हे नाव आयतं मिळालं."

टाळ्या वाजल्या. काकू पर्समध्ये काहीतरी शोधत राहिल्या. काका उठले, पोस्टरजवळ गेले आणि वडिलांच्या फोटोसमोर उभे राहिले. मी मागोमाग गेलो.

"चिंचेखालची मोठी विहीर," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "मी पोहायला शिकलो तिच्यात. मामाने पाठीला डबा बांधून ढकलून दिलं होतं. सबंध सुट्टी आम्ही पोरं तिच्यात डुंबायचो."

"वडील तुमच्याच वयाचे होते, काका."

"तेव्हा कुठे असायचे?"

"लांब उभे. माझ्या आजीबरोबर, घागर घेऊन. कुणी वरून पाणी ओतेल म्हणून वाट बघत."

"असायची माणसं उभी," काका म्हणाले. "आठवतंय मला." मग काकूंनी हाक मारली आणि ते गेले.

त्यानंतर फोन आला नाही. मीही केला नाही. करावासा वाटायचा आणि का करू म्हणून रागही यायचा. शनिवारी बायकोने नेहमीसारखी पाच पानं मांडली. मी म्हटलं, तीनच मांड. तिने ऐकलं नाही. मुलगी खिडकीत जाऊन बसली. भात निवला, आमटी पुन्हा गरम केली, आणि मी पुन्हा येरझाऱ्या घालू लागलो.

मग गाडी वळल्याचा उजेड भिंतीवर पडला. काका एकटेच उतरले. आत येऊन नेहमीच्या जागी बसले. मुलीने त्यांना पापड दिला, तो त्यांनी घेतला. मी पाण्याचा जग उचलला. त्यातूनच मी त्यांना कितीतरी शनिवार पाणी वाढलं होतं, पण आता त्यांना माहीत होतं. माझा हात ग्लासवर थांबला. ओतू की नको ते मला ठरवता येईना.

काकांनीच ग्लास पुढे केला. मी ओतलं. ते एका दमात प्यायले आणि ग्लास पुन्हा माझ्यापुढे धरला.

काकूंचं पान बायकोने जेवणं होईपर्यंत तसंच ठेवलं, आणि मग उचललं.