पितृपक्षातले बूट

तुमच्या आईने तुम्हाला माझा जो फोटो पाठवला, त्यात मी साडीवर लष्करी बूट घालून जळगावात, पिंप्राळ्याच्या आमच्या गल्लीत उभी आहे. तो बघून तुम्ही दोघांनी विचारलं की आजी सैन्यात कधी गेली. गेले नाही. प्रश्न मात्र रास्त आहे, आणि रास्त प्रश्नाला क्रमवार उत्तर द्यावं, असं मी शाळेत इंग्रजी शिकवत असताना मुलांना वर्षानुवर्षं बजावत आले. तेव्हा क्रमाने सांगते.

माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा, म्हणजे तुमचा काका, सैन्यात हवालदार आहे. त्याची तुकडी शांतिसेनेत वर्षभरासाठी आफ्रिकेला जायची ठरली आणि त्याआधी तो सुट्टीवर घरी आला. येताना खरेदीची यादी घेऊन आला. सरकार सगळं देतं, तरी जाणारा प्रत्येकजण पदरचं काही ना काही घेतोच, असं त्याने सांगितलं. कपाळाला बांधायचा दिवा, बारीक जाळीची मच्छरदाणी, जाड मोजे, गुडघ्यांना बांधायच्या गाद्या, आणि सगळ्यात वर, खाली दोन रेघा मारून, बूट.

सरकारी बुटांत खोट नव्हती. खोट पायात होती. यावलकडच्या आमच्या केळीच्या मळ्यात हा मुलगा मोठा होईपर्यंत अनवाणी हिंडला. त्यामुळे त्याचा पाय टाचेकडे माणसाचा आणि बोटांकडे फावड्याचा आहे. परत गेल्यावर त्याला पाठीवर ओझं घेऊन लांब पल्ल्याची चाल करायची होती. त्यात ज्याचे पाय फुटतात तो मागे राहतो आणि त्याच्या जागी दुसरा जातो. मागच्या सरावात याच्या दोन्ही करंगळ्या सोलून निघाल्या होत्या. वयाचा विचार करता ही त्याची शेवटची संधी होती आणि त्याला जायचंच होतं. म्हणजे बूट रुंद हवेत, आणि चालीच्या आधी वापरून मऊ झालेले हवेत.

सुट्टी अठरा दिवसांची. त्यातले पंधरा दिवस पितृपक्षाचे.

तुम्ही तिकडे परदेशात वाढलात म्हणून सांगते. या पंधरवड्यात आपण गेलेल्या वाडवडिलांना जेवू घालतो आणि नवी वस्तू काही घेत नाही. जळगावच्या बाजारात या दिवसांत दुकानदार एकमेकांच्या दुकानात जाऊन चहा पितात, कारण दुसरं काही करण्यासारखं नसतं. मी स्वतः हे फार पाळत नाही. पण माझी जाऊ, म्हणजे त्या मुलाची आई, पाळते, आणि ती पाळते म्हणजे बाकीच्यांनाही पाळावं लागतं. पंधरवडा संपेपर्यंत थांबलं असतं, तर बूट मऊ करायला तीन दिवस उरत होते.

मी जेवणाच्या टेबलावर कागद घेतला, मध्ये रेघ मारली आणि एका बाजूला ‘चालेल’, दुसऱ्या बाजूला ‘चालणार नाही’ असं लिहिलं. जाऊ गावाहून त्यासाठी मुद्दाम आली होती. ती समोर बसून निकाल देऊ लागली. औषधं चालतील, कारण दुखणं तिथी बघून येत नाही. साबण चालेल, तो संपतो. दिवा नाही चालणार, पण दिव्याचे सेल चालतील, कारण ते दिव्याचं खाणं. मोजे कापडात मोडतात, म्हणून नाही. मच्छरदाणीवर बराच वेळ गेला. ती कापड की जाळं, हे ठरेना. शेवटी तिने ती कापडात टाकली. बुटांचं नाव काढल्यावर मात्र तिने विचारसुद्धा केला नाही. चामडं, आणि ते पितरांच्या दिवसांत, म्हणजे बोलूच नका.

मी म्हटलं, मग त्याने करायचं काय?

“जुनं चालते,” ती म्हणाली. “कोणी वापरलेलं असंन तं आणा. कोरी वस्तू नाई.”

शत्रूला सामोरं जायला निघालेला हवालदार शेजारी बसून पोहे खात होता. त्याने आईकडे पाहिलं आणि पोह्यांत आणखी लिंबू पिळलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गाडीने धुळ्याला गेलो. तिथे लष्करी सामानाचं एक दुकान आहे. मालकाचे आजोबा राजस्थानातून आलेले, मालक अस्सल धुळ्याचा. दुकानात चिटपाखरू नव्हतं. आम्हाला बघून तो उठून उभाच राहिला. मुलाच्या पायाला बसतील असे रुंद बूट त्याने तिसऱ्या खोक्यातच काढले. मग जावेने आपली अडचण सांगितली. त्याच्याही घरी श्राद्धं होती, त्यामुळे त्याला समजावून सांगायला लागलं नाही. तो म्हणाला की हा जोड दोन वर्षं दुकानात पडून आहे, याला नवा कोण म्हणेल? जावेने बुटाचा तळवा उलटा करून त्याच्या नाकासमोर धरला. तळव्याला धुळ्याची धूळ लागलेली नव्हती.

तेव्हा मी चपला काढल्या आणि ते बूट स्वतःच घातले. आरशापासून गल्ल्यापर्यंत तीन फेऱ्या मारल्या आणि सांगितलं की हे मी माझ्यासाठी घेते आहे. मी वापरीन, आणि जुने झाले की पुतण्याला देईन.

“पाप तुमच्या डोक्यावर, अक्का,” जाऊ म्हणाली.

मी म्हटलं, चालेल. दुकानदाराने घाईघाईने खोकं बांधलं, न जाणो कोणाचं मन बदलायचं.

मुलाने लपूनछपून का घातले नाहीत, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं. तो म्हणाला, “मोठी आई, तिला कळतं.” ते खरंच होतं.

मी वेळापत्रक आखलं. सकाळी सहा ते सात कॉलनीला चार फेऱ्या, संध्याकाळी दोन, शेवटी जिना. बूट आठ नंबरचे, माझा पाय पाच नंबरचा, म्हणून आत मोज्यांचे तीन जोड. पहिल्या सकाळी दूधवाल्याने स्कूटर थांबवून विचारलं, बाई, युद्ध जाहीर झालं का? नाक्यावरच्या रिक्षावाल्यांनी दुसऱ्या दिवसापासून रांगेत उभं राहून मला सलाम ठोकायला सुरुवात केली. समोरच्या घरातल्या बाईंनी तुमच्या आईला फोन करून, सासूबाईंची तब्येत बरी आहे ना, असं काळजीने विचारलं. तो फोटोही त्याच दिवशी त्यांनीच काढून तिला पाठवला.

पाचव्या दिवशी माझ्या टाचेला फोड आला आणि जाऊ तपासणीला आली. तिने बूट मांडीवर घेतला आणि जिथे मुलाची करंगळी येणार तिथे अंगठ्याने दाबून पाहिलं, केळं दाबून पाहतात तसं.

“कच्चा हाये,” ती म्हणाली.

ते मलाही पटलं. माझा पाय निमुळता, तो त्या बाजूला पोचतच नव्हता. मी पाच दिवस बुटाला फक्त फिरवून आणलं होतं. दिरांना बोलावलं, तर त्यांचे पाय बगळ्याचे. सुट्टीतले सात दिवस संपले होते. मुलगा खिडकीशी उभा होता. तो आपल्या करंगळीकडे बघत होता.

जाऊ उठली, चप्पल बाजूला सारली आणि कोणाला काही न सांगता पाय बुटात घातला. तो आत गेला आणि बसला. दोन्ही बाजूंनी चामडं ताणलं गेलं, अगदी जिथे हवं तिथे. आम्ही सगळे त्या पायाकडे बघत राहिलो. इतकी वर्षं या मुलाचे पाय कोणावर गेले म्हणून घरात वाद चालायचा. लांबीला बोटभर जागा उरली होती, तिथे तिने घरचा कापूस बोळा करून कोंबला.

मुलगा खाली दुकानात गेल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. बूट काढला नव्हता.

“अक्का, खरं सांगू? मले वाटलं, बूट नाई भेटले तं राहून जाईन पोरगं.”

मी बुटाची लोंबणारी नाडी उचलून तिच्या हातात दिली.

“पन हा काई राहत नाई,” ती म्हणाली. “फुटक्या पायानं जाईन, पन जाईन.” आणि तिने नाडी ओढून गाठ मारली.

पुढचे दहा दिवस ते बूट मळ्यात होते. वेळापत्रक मी दिलं होतं, ते तिने फ्रिजवर लावलं आणि त्याकडे पाहिलं नाही. पहाटे पाणी धरायला बूट, केळीच्या ओळींतून वाळलेली पानं काढायला बूट, घड उतरवताना बूट. मजूर बाया तिला मेजर काकू म्हणू लागल्या. एकीने विचारलं की आता पगार दिल्लीहून येणार का? दुसरी म्हणाली की शत्रू चिखलात लपला असेल, नीट बघून पाय टाका. जाऊ म्हणाली, तुमची तोंडं चालतात तेवढे हात चालू द्या, आणि पुढच्या ओळीत शिरली. नवमीला की दशमीला नेमकं कोणाचं श्राद्ध होतं ते मी विसरले, पण त्या दिवशी पितरांचं पान वाढताना ती स्वयंपाकघरात पायांकडे बघून थबकली, बाहेर जाऊन बूट काढून आली आणि पितरांची माफी मागितली. सुनेला चिखलातून यायला थोडा उशीर झाला एवढंच, असं मी म्हटलं.

घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी तिने बूट धुऊन, सावलीत वाळवून, पॉलिश करून मुलासमोर ठेवले. त्याने घातले, अंगणात दहा पावलं टाकली, मग रस्त्यापर्यंत जाऊन आला. मी विचारलं, कसे आहेत? तो म्हणाला, माझेच वाटतात. जावेने पुन्हा अंगठ्याने दाबून पाहिलं आणि फक्त मान हलवली. राहिलेली खरेदी आम्ही त्याच दिवशी जळगावात केली. मच्छरदाणीसुद्धा.

चाल झाली त्या संध्याकाळी त्याचा फोन आला. मी गावीच होते. जावेने फोन ओट्यावर ठेवून आवाज मोठा केला. सगळी चाल झाली, पायाला एक फोड नाही, नाव पक्कं झालं. तिने बरं म्हटलं आणि पदराने ओटा पुसायला घेतला. ओटा स्वच्छ होता. मग तो म्हणाला की बरोबरचे सगळे विचारत आहेत, असे वापरून तयार केलेले बूट कोणत्या दुकानात मिळतात. खरं काय ते त्याने सांगून टाकलं होतं. आता एकाची विनंती आहे की, काकू त्याचाही जोड करून देतील का, निघायला वेळ अजून आहे, तो पार्सलने पाठवील.

“का बरं?” जाऊ म्हणाली. “त्याले सोताची माय नाई का?”

मुलगा पलीकडून हळूच म्हणाला की नाही, लहानपणीच गेली.

जावेने ओटा पुसायचं थांबवलं.

“नंबर काय त्याचा?” तिने विचारलं.