दोन ठोकळे

मॅडमनी माझ्या हातात दोन लाकडी ठोकळे दिले आणि म्हणाल्या, "हे तू कर. तुझं नैसर्गिक वाटेल."

वर्गात एक मुलगी हसली. मग थांबली. बाकीचे वह्यांत बघू लागले. आणि मी काय केलं? मी "थँक्यू मॅडम" म्हणाले. ते थँक्यू मला अजून टोचतं.

पुण्यातल्या एका विद्यापीठात मी चिनी शिकत होते. वर्ष दुसरं, पातळी निम्न-मध्यम. म्हणजे बाजारात भाव करता येतो, डॉक्टरला दुखणं सांगता येतं, पण वर्तमानपत्र उघडलं की घाम फुटतो. विभागाच्या कार्यक्रमात आमच्या वर्गाचं चिनी नाटुकलं होतं. सोळाशे वर्षांपूर्वी एक चिनी भिक्खू बुद्धाचे ग्रंथ न्यायला भारतात आला, त्याची गोष्ट. त्यानं जे पाहिलं ते लिहून ठेवलं, आणि त्यातूनच मॅडमनी सोप्या चिनीत धडा बेतला होता. राजा, वैद्य, व्यापारी, फुलं विकणाऱ्या बायका. आणि एक माणूस, ज्याला वाक्यच नाही. तो गावाबाहेर राहतो. बाजारात शिरताना लाकूड वाजवत येतो, म्हणजे लोक बाजूला होतात आणि त्यांना विटाळ होत नाही.

तो माणूस मी. हजेरीत माझं आडनाव होतं. फ्रीशिपचा फॉर्म मॅडमच्याच सहीनं जायचा. नैसर्गिक कशानं, हे विचारायची गरज नव्हती.

खरं सांगते, चिनी मी घेतलं ते लपायला. पुण्यातल्या माझ्या पहिल्या वर्षी, चिनी घेण्याआधी, मेसमध्ये एकदा "मले भाजी नको" म्हणाले, तर टेबलावरच्या चौघी वर्षभर "मले, मले" करत राहिल्या. चिनीत मात्र पुण्याचा तोरा चालत नाही. तिथं सगळेच अडाणी. चिनीचे चार सूर माझ्या गळ्यात लवकर बसले, तोंडी परीक्षेत मी पहिली आले. भिक्खूचं काम मलाच मिळणार असं मी धरून चालले होते. ते मिळालं एका मुलाला. त्याचा तिसरा सूर कायम घसरायचा. मॅडम म्हणाल्या, त्याचे उच्चार तूच पक्के करून घे. मी करून घेतले. चीनला वर्षभर शिकायला जायची शिष्यवृत्ती होती आणि तिची शिफारस मॅडमच्या हातात होती. मला ती हवी होती. अडला हरी, दुसरं काय.

दिवाळीच्या सुट्टीत ठोकळे पिशवीत घालून देऊळघाटला घरी आले. मॅडमना सरावाचा व्हिडिओ पाठवायचा होता. मायबाप सोयाबीन सोंगायला गेलेले. घरात मी आणि आबा, माझे आजोबा. ऐंशीच्या पुढचे. मोरीपर्यंत जायलाही त्यांना हात द्यावा लागतो. ते ओसरीत बाजेवर झोपले होते. मी फोन हंड्याला टेकवून ठेवला आणि अंगणात चालू लागले. तीन पावलं, दोन ठोके. पुन्हा तीन पावलं, दोन ठोके.

आबा उठले. कुणाचाही हात न धरता उठले. टोपी काढली, ओसरीवरून खाली आले, कमरेत वाकले आणि मातीला हात लावला.

"जोहार मायबाप," म्हणाले.

हा शब्द मी आमच्या घरात कधी ऐकला नव्हता. आमच्या घरात जयभीम आहे. माझ्या हातातले ठोकळे तसेच राहिले. आबांनी माझ्या खांद्यावरून पलीकडे रस्त्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "बाजूले हो वं, पोरी. सावली पडन त्यायच्यावर."

रस्त्यावर कोणी नव्हतं. मला भीती वाटली. 

मी त्यांना धरून बाजेवर बसवलं, पाणी दिलं. बऱ्याच वेळानं ते भानावर आले. मग तुटक तुटक सांगितलं. त्यांच्या बापाकडे गावकीची, म्हणजे गावच्या पिढीजात चाकरीची, घुंगरं लावलेली काठी होती. ती आपटत बाप पुढे चालायचा आणि हे लहानगे मागे, सावली सांभाळत. नागपूरहून दीक्षा घेऊन आला त्या दिवशी बापानं काठी तोडून चुलीत घातली.

"मायनं त्याच्यावर भाकर भाजली. म्या खाल्ली," आबा म्हणाले. मग त्यांची नजर माझ्या हाताकडे गेली. "मंग हे लाकूड तू काऊन आणलं घरात?"

कॉलेजात नाटक आहे, एवढंच मी बोलले. आबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले, जेवायलाही उठले नाहीत.

फोन सगळा वेळ चालू होता. तो व्हिडिओ माझ्याकडे आहे. पुसता येत नाही आणि बघवतही नाही. होस्टेलवर कुणी कॅरम खेळत असलं, सोंगटी टक्कन फळीवर आपटली, की माझी पाठ आपोआप वाकते. माझी. जिनं जन्मात कुणाला जोहार घातला नाही तिची.

सुट्टी संपल्यावर वर्गात गेले आणि ठोकळे मॅडमच्या टेबलावर ठेवले. मी हे करणार नाही म्हणाले. मॅडम चिडल्या नाहीत, उलट समजावू लागल्या. हा इतिहास आहे, इतकं मनाला लावून घ्यायचं नसतं, आणि शेवटी ती ॲक्टिंगच आहे.

"मंग तुमी वाजवा, मॅडम," मी म्हणाले. "मले नाही जमत."

दोन वर्षांत वर्गात पहिल्यांदा माझ्या तोंडून मले आलं. या वेळी कोणी हसलं नाही. ठोकळ्यांना कोणी हातही लावला नाही. राजा झालेल्यानं नाही, व्यापाऱ्यांनी नाही, मॅडमनीही नाही.

मॅडमनी तो प्रसंगच कापला. नाटुकल्यात भिक्खू आला, त्यानं सोन्याचा भारत पाहिला, सगळे सुखी. तो मुलगा माझ्या सुरात छान बोलला. मी शेवटच्या रांगेत बसून ऐकलं. शिफारसपत्र त्यालाच मिळालं. मी रडले, खोटं का सांगू. शिष्यवृत्तीसाठी रडले.

त्या भिक्खूचा मूळ ग्रंथ जुन्या चिनीत आहे. निम्न-मध्यमवाल्याला त्यातली ओळही लागत नाही. अजून चार-पाच वर्षं घासावी लागणार. घासेन. कापलेला तो परिच्छेद मी मराठीत आणणार आणि पहिल्यांदा देऊळघाटात, आमच्या ओसरीत, ताठ उभी राहून वाचणार. आबा ऐकायला असोत, नसोत.

त्या भिक्खूनं लाकडाचा आवाज लिहिला, ही त्याची मेहेरबानी. वाजवणाऱ्याचं नाव काय, घरी कोण कोण, हे त्यानं विचारलं नाही. ते मी लिहीन. आणि मॅडमना विचारून लिहिणार नाही.