घट्ट झाकण

त्याला सगळे फिरकीच म्हणत. एकोणीस वर्षं व्यावसायिक क्रिकेट खेळला, देशाच्या संघात एकदाही निवड झाली नाही, पण गड्याने कधी तोंड वाकडं केलं नाही. रोज दोनशे ऑफस्पिन टाकून तर्जनीला घट्टा पडला आणि त्या बोटाची खोड घरातही जाईना. ऑफस्पिनला बोटं ज्या बाजूला वळतात, त्याच बाजूला बरणीचं झाकण बंद होतं. त्यामुळे त्याने लावलेलं झाकण म्हणजे कुलूपच!

"अहो, नुसतं टेकवून ठेवा हो," बायको कानीकपाळी ओरडायची. हा 'बरं' म्हणायचा आणि पुन्हा पिळायचा.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या सोमवारी तो स्वयंपाकघरात निवांत चहा पीत बसला होता. बायकोने साखरेची बरणी कवेत धरली, मनगट उलटं झटकलं आणि झाकण अलगद हातात आलं. तो बघतच राहिला.

"हे मनगट कुठून आणलंस?"

"कुठून म्हणजे? एकोणीस वर्षं तुमची झाकणं कोण उघडतंय?"

त्याने तिला तडक मागच्या अंगणात नेलं, हातात जुना चेंडू दिला आणि बादलीची यष्टी करून स्वतः बॅट घेऊन उभा राहिला.

"झाकण उघडतेस, तसाच टाक."

चेंडू टप्पा पडून त्याच्या ऑफस्पिनच्या बरोबर उलटा वळला आणि बॅटला हुलकावणी देऊन बादलीसमोरच त्याच्या नडगीवर बसला.

"आऊट ना?" तिने कमरेवर हात ठेवून विचारलं.

पंच कुठला असायला! नडगी चोळत त्याने मुकाट्याने तेच घट्टा पडलेलं बोट वर केलं.