गोठलेलं डिझेल आणि सासूबाईंचं विमान

बर्फामुळे त्या दिवशी ट्रेन बंद होत्या आणि सासूबाईंना काहीही करून स्किपोल विमानतळावर पोचवायचं होतं. तीन महिन्यांसाठी म्हणून आमच्याकडे युट्रेख्टला आलेल्या त्या, विमानं बंद झाल्यामुळे जवळजवळ वर्षभर अडकल्या होत्या. पुण्यात सासऱ्यांची बायपास ठरली होती. कोविडचा रिपोर्ट जेमतेम त्या दिवसापुरता चालणार होता. नवरा लेकीला सांभाळायला घरी थांबला आणि मी आमची जुनी डिझेल गाडी काढली.

ऑफिस घरूनच असल्यामुळे ती कित्येक महिने उभी होती. सुरू झाली तेव्हा हायसं वाटलं. पण हायवेला लागलो आणि थोड्याच वेळात ती आचके द्यायला लागली. कशीबशी कडेला घेतली, तोच इंजिन बंद पडलं.

"आई, उतरा. इथे गाडीत बसणं धोक्याचं आहे."

आम्ही कठड्यापलीकडे बर्फात उभ्या राहिलो. वारा कान कापत होता. मदतसेवेला फोन लावला, तर तिथल्या माणसाने विचारलं, "डिझेल कधी भरलं होतं?"

"उन्हाळ्यात."

"मग ते गोठलंय. हिवाळ्यात वेगळं डिझेल मिळतं. उन्हाळ्यातल्या डिझेलचं थंडीत मेण होतं आणि फिल्टर तुंबतो. गाडी ओढून न्यावी लागेल."

केव्हा येणार, ते त्याला सांगता येईना. टॅक्सीवाले फोनच उचलत नव्हते.

सासूबाई पासपोर्टची पर्स छातीशी धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "मी नाही पोचले, तर ह्यांच्याजवळ कोण आहे गं?"

मी पुन्हा टॅक्सीचा नंबर फिरवला.

तेवढ्यात एक व्हॅन पुढे जाऊन थांबली. चालवणारी बाई आल्समेरच्या फुलबाजारात फुलं घेऊन निघाली होती. मी धावत जाऊन सगळं सांगितलं. तिने मास्क वर ओढला. "विमानतळ माझ्या वाटेवरच आहे. पण सीट एकच आहे."

एक वर्ष आम्ही सासूबाईंना कुणाच्या जवळही जाऊ दिलं नव्हतं. त्यांना डच येत नव्हतं, इंग्रजी अगदी मोडकंतोडकं. मी वळून पाहिलं, तर त्या कठडा ओलांडून येत होत्या.

"आई, एकट्या जाल?"

"बॅग ठेव आधी."

ट्यूलिपच्या खोक्यांमध्ये बॅग कोंबली. व्हॅन दिसेनाशी झाली तेव्हा लक्षात आलं, त्या बाईचा नंबरसुद्धा मी घेतला नव्हता! सासूबाईंना फोन लावत राहिले, त्या उचलेनात. पाय बधिर झाले होते.

टोइंगची गाडी आली, माणूस हूक लावत होता, तेव्हा फोन वाजला.

"अगं, घेतलं मला आत. त्या बाईने पार काउंटरपर्यंत बॅग आणून दिली."

मी तिथेच, त्या अनोळखी माणसासमोर, रडले.

गरम गॅरेजमध्ये रात्रभर राहिल्यावर गाडी सुरू झाली. तिकडे क्वारंटाइन संपवून सासूबाई हॉस्पिटलमध्ये पोचल्या. ऑपरेशन नीट पार पडलं. सासऱ्यांजवळ एकालाच सोडत होते, त्या होत्या.